पटावरचे नाव, हातावरचा आकडा

२५ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत एक कायदा झाला. हिटलर सत्तेवर येऊन तीन महिनेही झाले नव्हते. कायद्याचे नाव दिसायला साधे: जर्मन शाळा व विद्यापीठांतील गर्दी रोखण्याचा कायदा. ही गर्दी कोणाची, ते आत वाचल्यावर कळायचे. नव्या प्रवेशांत ज्यू विद्यार्थी दीड टक्क्याहून जास्त नकोत, एकूण पटावर पाच टक्क्यांहून जास्त नकोत. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांच्या मुलांना सूट होती.

छळछावण्यांची गोष्ट आपण बहुधा काटेरी तारांपाशी सुरू करतो. ती शाळेच्या पटापासून सांगितली, की पुढचा क्रम नीट उलगडतो. ऑगस्ट १९३८ मध्ये हुकूम निघाला, की ज्यू पुरुषांनी आपल्या नावाला ‘इस्राएल’ आणि स्त्रियांनी ‘सारा’ जोडावे. ऑक्टोबरात त्यांच्या पासपोर्टवर लाल ‘जे’, म्हणजे ‘ज्यू’चे अक्षर, उमटला. नोव्हेंबरात ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली आणि आठवडाभरातच, १५ तारखेला, ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढून टाकण्यात आले. कारण दिले ते असे, की जर्मन शिक्षकाने त्यांना शिकवावे ही अपेक्षाच आता करता येत नाही! उरल्या ज्यू समाजाने चालवलेल्या शाळा. त्याही जून १९४२ अखेर बंद झाल्या. तोवर ज्यूंना कपड्यांवर पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले होते, सहा वर्षांपासून पुढे. सहा म्हणजे पहिलीत जायचे वय.

काल शेजारच्या बाकावर बसणारा मुलगा आज वर्गात नाही, आणि त्याविषयी कोणी विचारत नाही. शेजाऱ्याला गाडीत कोंबताना खिडक्या बंद करून घेणारी माणसे अशाच वर्गांतून तयार झाली, असे मला वाटते.

छावणीत नाव उरतच नसे. कपडे, केस, चष्मा काढून घेतले जात. आउशवित्झमध्ये, आणि फक्त तिथेच, कैद्याच्या डाव्या हातावर आकडा गोंदत. असे चार लाखांहून अधिक आकडे दिले गेले. ज्यांना गाडीतून उतरवून थेट गॅसकोठडीकडे नेले, त्यांना आकडाही मिळाला नाही. रोज तासन्‌तास हजेरी चाले. शब्द शाळेतलाच, पण इथे मोजायचे ते ‘नग’. कैद्यांसाठी रक्षकांच्या तोंडी तोच शब्द असे.

याच आउशवित्झमध्ये एक शाळा भरत होती. सप्टेंबर १९४३ मध्ये चेक प्रदेशातल्या टेरेझिनच्या बंदिस्त ज्यू वस्तीतून आणलेल्या कुटुंबांना आउशवित्झचाच भाग असलेल्या बिर्केनाउच्या एका विभागात एकत्र ठेवले होते. फ्रेडी हिर्श या तरुण क्रीडाशिक्षकाने अधिकाऱ्यांकडून मुलांसाठी ३१ क्रमांकाची बराक मिळवली. शिकवायला परवानगी नव्हती, तरी तिथे वर्ग चालत. पुस्तके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी; म्हणून ज्याला जी गोष्ट पाठ, तो ती सांगे. माणूसच पुस्तक. या लोकांच्या कागदांवर सहा महिन्यांनंतरची ‘विशेष वागणूक’, म्हणजे हत्या, आधीच नोंदलेली होती. ८ मार्च १९४४ च्या रात्री पहिल्या तुकडीतल्या ३,७९२ जणांना मारण्यात आले. हिर्शही त्याच दिवशी मरण पावला. उरलेल्यांची शाळा त्यानंतरही काही महिने चालू राहिली.

मे १९४४ मध्ये त्याच विभागात व्हिएन्नाची रूथ क्लूगर आली. १९३८ नंतर तिच्या शहरात ज्यू मुलांच्या शाळा एकामागून एक बंद होत गेल्या आणि ती या शाळेतून त्या शाळेत फिरत राहिली. टेरेझिनला पाठवले तेव्हा ती दहा वर्षांची होती. बिर्केनाउमध्ये कामाला कोण आणि मरणाला कोण याची निवड होताना, नोंदी लिहिणाऱ्या एका कैदी स्त्रीने तिला हळूच सांगितले: वय पंधरा सांग. बारा वर्षांची ती पंधराची झाली आणि वाचली. हजेरीला उभे राहवत नसे, तेव्हा ती जर्मन कवी शिलरच्या पाठ कविता मनात म्हणे.

युद्ध संपल्यावर निर्वासितांच्या छावण्यांत वर्ग आणि कार्यशाळा सुरू झाल्या. वर्षे वाया गेलेल्या तरुणांना हातात कसब हवे होते, प्रमाणपत्र हवे होते. क्लूगरने बव्हेरियातल्या स्ट्राउबिंगमध्ये शालान्त परीक्षेची युद्धोत्तर सवलतीची आवृत्ती दिली, रेगेन्सबुर्गमध्ये पुढचे शिक्षण सुरू केले आणि १९४७ मध्ये ती अमेरिकेला गेली. तिथे त्या जर्मन साहित्याच्या प्राध्यापक झाल्या. २७ जानेवारी २०१६ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्या बर्लिनच्या संसदेत बोलायला उभ्या राहिल्या, जर्मन भाषेत.