पोस्टग्रेस जड झालेलं नाही, आकडेवारी मागे राहिली आहे

रत्नागिरी-देवगडकडे ऐन आंब्याच्या हंगामात अपग्रेडनंतर बिलिंगचा सर्व्हर रखडला की ठरलेलं उत्तर मिळतं: "नवं व्हर्जन जड असतं, रॅम वाढवा." (एप्रिलमध्ये अपग्रेड करायची दुर्बुद्धी कुणाला सुचते, ते सोडा.) पोस्टग्रेस या डेटाबेसच्या बाबतीत दोष बहुधा दुसरीकडेच असतो.

पीजी-अपग्रेड, म्हणजे जुन्या व्हर्जनवरून नव्यावर जायचं टूल, डेटा नेतं. पण व्हर्जन 18 येईपर्यंत प्लॅनरची, म्हणजे क्वेरी कोणत्या वाटेने चालवायची ते ठरवणाऱ्या भागाची, आकडेवारी नेत नव्हतं. कुठल्या टेबलात कोणतं मूल्य किती वेळा येतं हेच ठाऊक नसेल, तर प्लॅनर खाडीत नवख्या तांडेलासारखा अंदाजाने होडी हाकतो. रखडलेल्या क्वेरीवर 'एक्सप्लेन ॲनलाइझ' चालवून बघा; प्लॅनरचा अंदाज आणि प्रत्यक्षातल्या ओळी, दोन्ही दिसतात. अंदाज 200 ओळींचा आणि प्रत्यक्षात लाखभर निघाल्या, तर दुखणं तिथेच आहे. उपाय म्हणजे आकडेवारी नव्याने गोळा करणारं साधं 'ॲनलाइझ'. सगळ्या डेटाबेसवर एकदम करायचं तर 'व्हॅक्यूमडीबी' ही कमांड, --all आणि --analyze-only लावून. ऑटोव्हॅक्यूम (मागे आपोआप चालणारी साफसफाई आणि ॲनलाइझ) करेल म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. ते टेबलात पुरेसे बदल झाले तरच हलतं, आणि मागच्या हंगामाच्या बिलांना आता कोण हात लावतो?

जुनी कॉन्फिग फाइलही आपोआप येत नाही. शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेस डेटा हाताशी ठेवायला राखतं ती मेमरी) मूळच्या 128 एमबीवर गेले असतील, तर नवी रॅम घालूनही ते तेवढेच राहतात.