कापलेल्या केबलचं तोंड उघडं ठेवू नका

पावसाळा लागला की आम्हाला ठरलेला फोन येतो, जेसीबीनं केबल कापली, लवकर या, जॉइंट मारायचा आहे. येतो आम्ही, पण तोवर दोन्ही टोकं खड्ड्यातल्या पाण्यात पडून असतात, फार तर कोणी पन्नी गुंडाळून सुतळी बांधलेली असते. पन्नीनं पाणी थांबत नाही.

कंडक्टर म्हणजे पिळलेल्या तारा, त्यांच्या फटीतून पाणी वातीत तेल चढावं तसं कित्येक मीटर आत जातं. ओल्या अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. 11 केव्हीच्या (11 हजार व्होल्टच्या) एक्सएलपीई, म्हणजे प्लॅस्टिक इन्सुलेशनच्या केबलमध्ये तर पाणी आणि व्होल्टेज मिळून इन्सुलेशनच्या आत झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक रेषा वाढत जातात, वॉटर ट्री म्हणतात त्याला. लगेच काही कळत नाही, काही वर्षांनी ऐन हंगामात कापसाचं जिनिंग चालू असताना केबल उडते आणि नाव जॉइंटवाल्याचं येतं.

म्हणून आम्ही आधी तारा उलगडून बघतो, ओल दिसली की कोरडं लागेपर्यंत मागं कापतो. मग केबल पुरत नाही, मधे तुकडा टाकून एकाचे दोन जॉइंट होतात, एका दिवसाचं काम दोन दिवस चालतं. बिल वाढवायला कापता असं बरेच जण म्हणतात, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) तर चांगलं दाखवते ना, हेही म्हणतात. पण पाणी नुसतं तारांमधे असलं तर मेगर चांगलं दाखवूच शकते, म्हणून ओल्या टोकावर आम्ही जॉइंट करत नाही, कितीही घाई असो.

सप्लाय बंद होऊन लाइनमननं अर्थिंग केल्याशिवाय केबलला हात लावू नका. नंतर टोक पुसून हीट श्रिंक एंड कॅप, म्हणजे तापवली की आवळणारी टोपी चढवा, गॅस टॉर्चनं तापवून सगळीकडून सारखी आवळा, कडेनं गोंद बाहेर आला की बसली, आणि टोक पाण्याच्या वर बांधून ठेवा. ड्रमवर उरलेल्या केबलचंही हेच.

आणखी एक, आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते न पावसात फुगते, त्यात जॉइंट ओढला जातो. म्हणून आम्ही जॉइंटजवळ लूप, म्हणजे जास्तीच्या केबलचा वळसा सोडतो, तो केबलच्या नालीत जागा खातो म्हणून काढायला लावू नका, पुढं केबल कापली गेली तर तोच कामी येतो. केबलच्या वर एलटीला (कमी दाबाच्या केबलला) 75 आणि 11 केव्हीला 90 सेंटीमीटर खोली हवी, खाली-वर वाळूही हवी.

आमच्याकडून केबल घेतली तर दोन कॅप सोबतच देतो. नुसत्या कॅप लागल्या तरी दुकानातून न्या, चढवायच्या कशा ते तिथंच दाखवतो.