अँबिग्राम (उलटसुलट अक्षरकला)

अँबिग्राम म्हणजे अशा पद्धतीनं काढलेला शब्द, की कागद पालथा (म्हणजे अर्धा फिरवून, वरचं खाली करून) धरा नाहीतर आरशात बघा, तोच शब्द वाचता येतो. 'चिमा काय कामाची' वाली गंमत वेगळी, तिथं अक्षरांचा क्रम दोन्हीकडून सारखा असतो, अक्षरं डोक्यावर उभी राहत नाहीत. इथं सगळा खेळ आकाराचा. कधी पालथं केल्यावर दुसराच शब्द निघतो, इंग्रजी कॅपिटलमधल्या 'मॉम'चा 'वॉव' होतो, तोही यातच धरतात.

पीटर न्यूएलच्या १८९३ च्या चित्रांच्या पुस्तकात शेवटच्या पानावरचा 'द एंड' उलटला की 'पझल' वाचला जायचा. अँबिग्राम हे नाव मात्र अमेरिकन लेखक-प्राध्यापक डग्लस हॉफस्टॅटर आणि त्याच्या मित्रांमुळं १९८० च्या दशकात रूढ झालं. अशाच अक्षरकलेचं स्कॉट किमचं पुस्तक 'इन्व्हर्शन्स' १९८१ चं. पण जगभर बोलबाला झाला तो डॅन ब्राऊनच्या 'एंजल्स अँड डेमन्स' या २००० सालच्या कादंबरीमुळं, तिच्यात जॉन लँग्डन या कलाकारानं काढलेले अँबिग्राम छापले, आणि कादंबरीच्या हिरोचं आडनावही त्याच्यावरूनच ठेवलं.

करायची रीत सोपी वाटते. पहिल्या अक्षराची जोडी शेवटच्याशी लावायची, दुसऱ्याची त्याच्या अलीकडच्याशी, आणि मधलं एकटं उरलं तर ते स्वतःच दोन्हीकडून सारखं पाहिजे. मराठीत गाडी अडते शिरोरेषेवर. आमच्याकडचा पेंटर सुतळीला गेरू लावून आधी तीच ओळ मारतो, मग अक्षरं लटकवतो, आणि पाटी पालथी केली की ती ओळ जाते खाली, मग वाचता काय बावा! एकतर वर-खाली दोन्हीकडं ओळ मारा, नाहीतर काढूनच टाका.

आरशातलं त्यामानानं सोपं, ओळ वरच राहते. काळीपिवळीच्या मागच्या काचेवर रेडियमनं 'पिंकी' लिहिलेलं असतं ना, ते आत बसून वाचा. पहिली वेलांटी दुसरी होते, दुसरी पहिली, म्हणजे दोन्ही जागच्या जागी दिसतात, टिंब तेवढं उडी मारून दुसऱ्या अक्षरावर बसतं, आणि बिघडतात ते फक्त प आणि क. प चा दंडा डावीकडं आल्यामुळं तो मागच्या अक्षराचा काना वाटायला लागतो. ठ ला मात्र काहीच होत नाही, ळ ला पण जवळपास नाही.

आकड्यांत तर काही करावंच लागत नाही. १९६१ साल इंग्रजी आकड्यांत लिहून पालथं करा, तेच राहतं, पुढचं असं साल थेट ६००९. आणि आपला छत्तीसचा आकडा! भांडलेल्या जावांसारखे ३ आणि ६ एकमेकांकडं पाठ करून बसलेले, आरशात गेले की ३ चा ६ होतो, ६ चा ३, जागा पण बदलतात, आणि परत ३६ च. शेपटीत थोडा फरक पडतो, तो हातानं काढताना ब्रशच्या एका फटकाऱ्यात मिटतो.

अँब्युलन्सच्या तोंडावरची उलटी अक्षरं यात मोजू नका, ती पुढच्या गाडीवाल्याच्या आरशातच सुलटी होतात, रस्त्यावर उभं राहून पाहणाऱ्याला उलटीच.