साथीच्या खर्जातून पुढे आलेला ट्यूबा

पुण्यात ट्यूबा भेटतो तो बहुधा रस्त्यावर. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरून बँड जातात, तेव्हा एखाद्या वादकाच्या अंगाभोवती वेटोळं घातलेलं आणि डोक्यावर मोठा भोंगा उघडणारं पितळी वाद्य दिसतं. तो सूझाफोन, म्हणजे चालत वाजवता यावा म्हणून घडवलेला ट्यूबाच. अमेरिकी बँडमास्टर जॉन फिलिप सूझा यांच्या कल्पनेतून तो १८९० च्या दशकात आला. आपल्याकडे सार्वजनिक गणेशोत्सव मूळ धरत होता, त्याच काळात. चाल क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटने म्हणायची, याने खालून खर्ज धरायचा, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की हे वाद्य एकट्यानं मैफल करू शकेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

युरोपातही शंभरएक वर्षं हेच चाललं. १२ सप्टेंबर १८३५ रोजी बर्लिनमध्ये विल्हेल्म वीप्रेख्ट आणि योहान गॉटफ्रीड मोरिट्झ यांनी ट्यूबाचं पेटंट घेतलं. वीप्रेख्ट लष्करी बँडचे माणूस. सर्पंट आणि ऑफिक्लाइड या जुन्या वाद्यांपेक्षा भरदार, सुरात राहणारा खर्ज त्यांना हवा होता. थोडक्यात, ट्यूबा जन्मला तोच इतरांना आधार द्यायला. बर्लिओझ आणि वाग्नर या संगीतकारांनी त्याला वाद्यवृंदात मानाची जागा दिली, तरी स्वतंत्र ओळी त्याच्या वाट्याला क्वचितच आल्या. रशियन संगीतकार मुसॉर्गस्कीच्या चित्रप्रदर्शनावरच्या पियानोरचनेचं फ्रेंच संगीतकार राव्हेलने १९२२ मध्ये वाद्यवृंदासाठी रूपांतर केलं, त्यात बैलगाडीच्या चित्राची संथ, जड चाल ट्यूबाला मिळाली. ती बरीच वरच्या पट्टीत आहे आणि आजही वादकांची परीक्षा पाहते.

खरं वळण १९५४ चं. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, जूनमध्ये, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने राल्फ व्हॉन विल्यम्स यांचा ट्यूबा कॉन्चेर्टो (एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) पहिल्यांदा सादर केला. वादक फिलिप कॅटेलिने, संचालक जॉन बार्बिरोली. संगीतकाराचं वय ८१. या वयात त्यांनी वाद्यवृंदातल्या सर्वांत मागच्या रांगेतल्या माणसाला पुढे आणून बसवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. मधला 'रोमान्झा' हा भाग तर संथ गायकीच आहे: लांब श्वासाचा आणि कुठेही जडपणा नसलेला. ट्यूबा ऐकायची सुरुवात कुणी करणार असेल तर त्याने इथूनच करावी. पुढच्याच वर्षी जर्मन संगीतकार हिंडेमिट यांनी ट्यूबा आणि पियानोसाठी सोनाटा लिहिला.

वाद्याची ताकद आधीपासून होतीच. त्याच्यासाठी लिहिणारं कुणी नव्हतं. ही उणीव वादकांनी स्वतः भरून काढली. पं. रामनारायण यांनी सारंगीला साथीतून स्वतंत्र वादनाकडे नेलं, तसंच काहीसं काम अमेरिकेत हार्वी फिलिप्स यांनी केलं. ते संगीतकारांच्या मागे लागून ट्यूबासाठी नव्या रचना लिहून घेत राहिले. रॉजर बोबो यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये १९६१ साली एकल कार्यक्रम केला. नॉर्वेचे ओइस्टाइन बॉड्स्विक तर कुठल्याही ऑर्केस्ट्रातल्या नोकरीविना, केवळ एकल वादक म्हणून उभे राहिले.

जॅझमध्ये गोष्ट उलटी घडली. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यावरच्या बँडमधून आलेला ट्यूबा १९२० च्या दशकात बेसची जागा सांभाळत होता. मायक्रोफोनऐवजी भोंग्यातून ध्वनिमुद्रण व्हायचं त्या काळात त्याचा आवाज डबल बेस या मोठ्या तंतुवाद्यापेक्षा ठळक उमटे. १९२५ नंतर मायक्रोफोन आले, डबल बेस नीट ऐकू येऊ लागला, वादनाची ढबही बदलली आणि दशक सरता सरता ट्यूबा बाजूला पडला. तो परतला तेव्हा मात्र वेगळ्या भूमिकेत. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९४९-५० च्या नऊ जणांच्या संचात बिल बार्बर यांचा ट्यूबा इतर सुषिरवाद्यांच्या स्वरांत मिसळून चालतो. ट्यूबावादक रे ड्रेपर यांनी १९५७ मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्यासोबत ध्वनिमुद्रण केलं. हॉवर्ड जॉन्सन यांनी पुढे अनेक ट्यूबांचा ताफाच उभा केला. बॉब स्टुअर्ट यांनी आर्थर ब्लाइद यांच्या सॅक्सोफोनखाली बेसचं काम आणि एकल वादन दोन्ही केलं. अलीकडे लंडनच्या 'सन्स ऑफ केमेट' या संचात एक सॅक्सोफोन, दोन ड्रमवादक आणि थिऑन क्रॉस यांचा ट्यूबा, एवढीच मांडणी होती.