चिनी माल खरंच बंद झाला का?

२०२० च्या जूनमधे गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी चकमक झाली, चिनी ॲप बॅन झाले आणि तेव्हापासून एक गोष्ट फिरतेय की आपण चीनकडून माल घेणं जवळपास बंद केलंय. नाही हो, उलटंच झालंय. वाणिज्य मंत्रालयाचे आकडे बघा, २०२०-२१ मधे चीनमधून आयात साधारण ६५ अब्ज डॉलर होती, २०२४-२५ मधे ती ११३ अब्जांच्या वर गेली आणि आपली निर्यात मात्र १४ अब्जांच्या आसपास, म्हणजे तूट जवळजवळ ९९ अब्ज!

मग गैरसमज का टिकला? कारण आपल्याला दुकानातलं दिसतं. खेळण्यांची आयात खरंच घटली, ड्युटी २० वरून ६० आणि नंतर ७० टक्के केली, वर बीआयएस मार्क, म्हणजे दर्जाचा सरकारी शिक्का, सक्तीचा. पण खेळणी, दिव्यांच्या माळा हे सगळं या हिशोबात किरकोळच. खरा पैसा जातो मोबाईलचे सुटे भाग, मशिनरी, सोलर सेल, लिथियम बॅटरी आणि औषधांचा कच्चा माल यात, आणि गंमत म्हणजे फोन इथे जोडायला लागलो तसे सुटे भाग अजूनच जास्त मागवावे लागले. डब्यावर 'मेड इन इंडिया' असतं, ते खोटं नाही, पण आतलं बरंच तिकडचं.