‘अ‍ॅटिट्यूड हवा’ : एका अटीची पार्श्वभूमी

नागपूरच्या मिहानमधल्या आयटी कंपनीची जाहिरात असो की हिंगणा एमआयडीसीतल्या शेडबाहेरची पाटी, ‘अनुभव नसला तरी चालेल, अ‍ॅटिट्यूड हवा’ अशी ओळ हल्ली वाचायला मिळते. ही अट तशी नवी नाही.

१ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू झालेल्या कापडगिरणीचा कारभार मालकांनी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आणलेल्या माणसाकडे दिला. कापडधंद्याचा त्याला गंध नव्हता. यंत्रं बघायला लँकेशायरचा जाणकार वेगळा. कामगार भरती मात्र त्या काळी गिरण्यांमध्ये सर्रास जॉबरच्या, म्हणजे कामगार आणणाऱ्या मुकादमाच्या, हाती असे, आणि ‘माणूस चांगला आहे’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘आपला आहे’ एवढाच असे. १९३१ च्या श्रमविषयक आयोगानं या पद्धतीवर कोरडे ओढले. पुढे आयटीआय आले, १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला आणि कसबाला कागद मिळाला.

‘वृत्ती बघून घ्या, काम शिकवता येतं’ हे सूत्र अमेरिकेतल्या एका विमान कंपनीमुळे गाजलं. आपल्याकडे ते कॅम्पस प्लेसमेंटसोबत रुजलं आणि इथूनच शब्दांचा गुंता सुरू झाला. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत अ‍ॅटिट्यूडला ‘अभिवृत्ती’ म्हणतात, अ‍ॅप्टिट्यूडला ‘अभिक्षमता’. राज्यात २०१७ पासून शिक्षक भरतीसाठी जी चाचणी होते तिच्या नावात ‘अभियोग्यता’ आहे. हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात. त्यात आपल्या बोलीत ‘लय अ‍ॅटिट्यूड आहे त्याले’ म्हणजे तो शिष्ट आहे. म्हणजे एकाच पोट्ट्याला घरी ‘अ‍ॅटिट्यूड कमी कर’ आणि कॉलेजात ‘अ‍ॅटिट्यूड आण’ ऐकावं लागतं. बरं, आणायचा तो काय? शिकायची तयारी, वेळ पाळणं, चूक झाली तर ती सांगणं, असं एचआरवाले म्हणतात. दहा मिनिटांच्या मुलाखतीत यातलं काय दिसतं? दिसतं ते इंग्रजी, हसरा चेहरा आणि पॉलिश केलेले बूट. काटोल-नरखेडहून सकाळच्या एसटीनं आलेला, बोलताना खाली बघणारा पोरगा इथेच गळतो. अभिवृत्ती त्याची कोणी तपासलेलीच नसते.

सरकारनं याचं उत्तर उलट्या टोकाला शोधलं. १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या गट ब अराजपत्रित, गट क आणि गट ड पदांच्या मुलाखती बंद झाल्या. वशिल्याला आळा घालणं हे कारण. मग वागणूक कशी पारखणार, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो अगदीच पोकळ नाही. पण मुलाखतीत वागणूक पारखली जात होती, हे तरी कुठे सिद्ध झालं होतं? गंमत म्हणजे, केंद्रीय नागरी सेवेच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा पेपर आहे आणि त्याच्या अभ्यासक्रमात अभिवृत्ती हे रीतसर प्रकरण आहे. त्याच्याही नोट्स मिळतात.

१९९८ मध्ये निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा एक आढावा निघाला, तेव्हा बुद्धिमत्ता चाचणीचं पारडं जड होतं. २०२२ च्या फेरमांडणीत सगळ्या उमेदवारांना तेच ठरलेले प्रश्न विचारणारी मुलाखत वर सरकली. कामाच्या ज्ञानाची चाचणी तिच्या मागोमाग होती. गप्पांच्या ओघात ‘माणूस ओळखण्या’ची मुलाखत दोन्ही वेळा खालीच राहिली.

हिंगण्याच्या छोट्या वर्कशॉपमध्ये हे संशोधन कोणी वाचत नाही. वेल्डरला तिथे लोखंडी पट्टीचे दोन तुकडे देतात, जोड म्हणतात. तो शिवण कशी ओढतो ते मालक बघतोच. पण त्यानंतर, न सांगता, हातोडीनं स्लॅग, म्हणजे जोडावर जमलेली खपली, झाडतो का, वायर ब्रश मारतो का, जोडात भोक दिसलं तर स्वतःहून दाखवतो का आणि जाताना केबल गुंडाळून ठेवतो का, हेही बघतो.