विहिरीतली हाडं आणि मोडका डीएनए

यंदाच्या उन्हाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी एका जुन्या दगडी विहिरीचा गाळ काढायला यारी लावली. तिसऱ्या दिवशी गाळासोबत माणसाच्या मांडीचं हाड आणि जबड्याचा तुकडा वर आला. तासाभरात निम्मं गाव काठावर. म्हाताऱ्यांना लगेच आठवलं : ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी धुऱ्याच्या भांडणात एक माणूस रातोरात नाहीसा झाला होता. कोणी म्हणे पळाला, कोणी म्हणे भावकीनंच विहिरीत टाकला. काहीजण मांत्रिकाला आणायला निघाले, काहीजण खाली गुप्तधन असणार म्हणून पायाळू माणूस शोधू लागले. आणि मोबाइलवाली पोरं माझ्याकडे आली, "सर, याले डीएनए लावा ना. सप्पा मालूम पडते, कोन व्हता अन् कोनं मारला."

खरं सांगतो, पोरांची डीएनएवरची श्रद्धा मला मांत्रिकवाल्यांच्या श्रद्धेहून फार निराळी वाटली नाही.

पण पोरांनी ऐकलेलं खोटं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या 1970-80च्या दशकांतल्या खुनांचा छडा 2018 साली लागला. गुन्हेगाराचा नमुना तेव्हाच जपून ठेवला होता. वंशावळीच्या एका संकेतस्थळावर त्याच्याशी जुळणारे दूरचे नातेवाईक सापडले आणि 72 वर्षांचा माजी पोलीस पकडला गेला. आमच्या विहिरीतली गोष्ट वेगळी. तिथे सापडला तर मेलेल्याचा डीएनए सापडेल. मारणाऱ्याचा हात हाडात शिल्लक राहत नाही.

आणि मेलेल्याचा तरी किती उरला असेल? डीएनएचं मोठं वैरी पाणी. जिवंत पेशीत मोडतोड झाली की दुरुस्तीही होते, मेल्यावर दुरुस्ती थांबते. डीएनए म्हणजे ए, सी, जी, टी या चार रासायनिक अक्षरांची लांब साखळी. पाण्याच्या अभिक्रियेनं त्यातली ए आणि जी ही अक्षरं गळून पडतात, आणि जिथे अक्षर गळलं तिथे साखळी तुटते. न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून 2012 साली हिशेब मांडला गेला : 13.1 अंश तापमानात 242 अक्षरांचे निम्मे तुकडे मोडायला 521 वर्षं लागतात. तापमान वाढलं की हा वेग झपाट्यानं वाढतो. विहिरीच्या तळाला मे महिन्याचे 45 अंश पोचत नाहीत हे खरं, पण आपल्याकडे वर्षाची सरासरीच 27च्या आसपास, आणि तळ बारा महिने तसाच राहतो. पोलिसांच्या नेहमीच्या चाचणीत वीसेक ठिकाणी चार-चार अक्षरांचा शब्द लागोपाठ किती वेळा आला ते मोजतात. त्यासाठी साधारण 100 ते 450 अक्षरांचे सलग तुकडे हवेत. फार जुन्या हाडांत बहुतेक तुकडे चाळीस-पन्नास अक्षरांचेच उरतात.

आता माझ्या आवडीचा भाग. अक्षरं नुसती गळत नाहीत, बदलतातही. सी म्हणजे सायटोसिन. त्याचा अमिनो गट पाण्यानं निघून गेला की त्याचं युरॅसिल होतं, आणि नक्कल करणारं विकर त्याला टी समजून वाचतं. तुटलेल्या तुकड्याची टोकं जुन्या धोतराच्या काठासारखी उसवलेली असतात. तिथे दोनपैकी एकच धागा उघडा असतो, आणि उघड्या धाग्यात हा बदल कितीतरी वेगानं होतो. म्हणून जुन्या डीएनएच्या तुकड्यांत सी-च्या जागी टी वाचण्याची चूक टोकांना दाटलेली दिसते, मध्ये विरळ. आमच्याकडे एका उत्साही माणसानं तो जबडा नळाखाली खसाखसा धुतला होता, म्हणजे त्यावर त्याचाही डीएनए. पण त्याच्या ताज्या डीएनएला ही उसवण नसते! त्यामुळे खूप जुन्या हाडांत संगणक उसवलेले तुकडे निवडून बाजूला काढू शकतो. ही खूण ठाऊक नव्हती तेव्हा मोठमोठे फसले. प्राचीन डीएनएचे संशोधक स्वांटे पेबो यांनी 1985 साली इजिप्तच्या ममीतून काढलेला डीएनए पुढे बहुधा आजच्या माणसाचाच ठरला. त्याच पेबोंना 2022 साली नोबेल मिळालं. फक्त ऐंशी-नव्वद वर्षांत ही उसवण कमी झालेली असते, त्यामुळे आमच्या जबड्यात ती चाळणी कितपत चालेल याची मला शंकाच आहे.

पंजाबात अजनाल्याच्या विहिरीत 2014 साली असाच हाडांचा ढीग निघाला. फाळणीतले बळी, की 1857 साली इंग्रजांनी मारलेले 282 शिपाई, असा वाद होता. दातांतला मायटोकाँड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जाघराचा) डीएनए आणि ऑक्सिजनची समस्थानिकं (प्यायलेल्या पाण्याप्रमाणे ज्यांचं प्रमाण बदलतं असे ऑक्सिजनचे प्रकार) तपासून 2022 साली शास्त्रज्ञांनी सांगितलं की ही माणसं गंगेच्या खोऱ्यातली, म्हणजे शिपायांचा दावा बळकट. एकाही शिपायाचं नाव मात्र त्यातून कळलं नाही. 1888 साली लंडनमध्ये बायकांचे खून करून कधीच न सापडलेल्या जॅक द रिपरचा शालीवरून पत्ता लागल्याच्या बातम्या वाचताना हे आठवावं. तिथेही मायटोकाँड्रियाचाच डीएनए, जो हजारो माणसांत सारखा असू शकतो.

नाव लागायला जुळवायला कोणीतरी हवं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, पण सगळ्या भावकीचं ते जवळजवळ एकच. भांडण भावकीतलंच असेल तर मेलेला आणि मारणारा दोघांचंही तेच! मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून येतो आणि पुढे फक्त लेकींमार्फत जातो. पेशीत त्याच्या शेकडो प्रती, म्हणून तो टिकतोही जास्त. पण लेकी लग्न होऊन परगावी जातात. वंशावळ लिहिणाऱ्या भाटाच्या बहीत पुरुषांची नावं असतात, जुन्या सातबाऱ्यातही बहुतेक त्यांचीच.

पोलीस पाटलांनी ठाण्यात कळवलं, मर्ग दाखल झाला, पंचनामा करून हाडं नेली. संध्याकाळी मी गावातल्या नव्वदीच्या आजीकडे गेलो. त्या नाहीशा झालेल्या माणसाला बहीण होती का, विचारलं.

"होती ना बापा, दारव्ह्याकडे देल्ली होती. तिले दोन पोरी. थोरली आर्वीले हाय, का होती... थांब, सुनेले इचारतो."